आधी ओळख, मग पाणी

बाईंच्या गाडीला सायकलवाले मागे टाकायचे आणि पुढे गेल्यावर मान वळवून बघायचे. बघण्यासारखंच होतं ते. खळ घातलेली पांढरी सुती साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि साठीला टेकलेली एक बाई स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली. शेजारी मी. उदगीरच्या रस्त्यावर त्या काळात बाईमाणूस गाडी चालवतंय हेच एक नवल होतं. त्यात ती इतकी हळू चालवायची की रस्त्यात बसलेली कुत्रीसुद्धा घाईनं उठायची नाहीत.

"बाई, जरा दाबा की," मी म्हणायचे.

"पोचून करायचंय काय?" बाई म्हणायच्या. "पोचायचं असतं तर एसटीनं गेले असते."

गाडी म्हणजे एका डॉक्टरांनी कंटाळून विकलेली अँबॅसडर. निवृत्त झाल्यावर शहाणी माणसं घरावर मजला चढवतात, नाहीतर मुलीचं लग्न उरकतात. बाईंनी लग्नच केलं नव्हतं, तेव्हा मुलीचा प्रश्न नव्हता. त्यांनी फंड उचलला, गाडी घेतली आणि एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरकडून ती चालवायला शिकल्या. शिकवून झाल्यावर तो माळकरी झाला, असं उदगिरात लोक म्हणायचे. बाईंनाही ते माहीत होतं. "माझ्यामुळं एक माणूस देवाला लागला," असं त्याच आल्यागेल्याला सांगायच्या.

मी तेव्हा नांदेडहून उदगीरला नोकरीला आलेली कोवळी शिक्षिका होते, आणि खोली शोधत होते. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरी खोली आहे असं कळलं म्हणून गेले. त्यांनी मला बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "जात काय तुझी?"

मी गडबडले. घरमालक ती विचारतातच, पण आडनाव, मूळ गाव, कुलदैवत अशी प्रदक्षिणा घालून विचारतात.

"ब्राह्मण," मी म्हणाले.

"आम्ही बौद्ध. पूर्वीचे महार. छप्पन साली धर्म बदलला. आता सांग, चहा पिणार का? आधी ओळख झालेली बरी असते. मागनं कळलं की लोकांच्या पोटात कालवतं."

मी चहा प्याले. कान तुटलेल्या कपातून. बाईंच्या घरात एका जातीचे दोन कप नव्हते. कुठे टवका उडालेला, कुठे चरा गेलेला, काही काचेचे पेले, एक जर्मनचा पोचे पडलेला. मला वाटलं, एकट्या बाईचा संसार, फुटत गेलं तसं उरलं असेल. पुढे कळलं, ते सगळे कप बाईंनी हॉटेलांमधून गोळा केलेले होते.

त्याचं असं होतं. रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलांतून तेव्हा वेगळे कप असायचे. बाहेरच्या बाजूला, कुडाच्या खुंटीला किंवा फळीच्या टोकाला ठेवलेले. ज्यांच्यासाठी असायचे त्यांनी ते आपणच उचलायचे, आपणच धुवायचे, आपणच परत ठेवायचे. बाई हॉटेलात शिरल्या की आपली ओळख मोठ्यानं सांगायच्या आणि मग चहा मागायच्या. मालकानं त्या फळीकडे बोट केलं की शांतपणे कप उचलायच्या, चहा प्यायच्या, कप विसळायच्या, रुमालानं पुसायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या.

"ओ बाई, कप!" मालक ओरडायचा.

"माझ्यासाठीच ठेवला होता ना? मग नेते की."

मालक पुढे केलेला हात मागे घ्यायचा. नेऊ नका म्हणावं, तर कप सगळ्यांचा आहे हे चारचौघांत कबूल करावं लागे. बाई शांतपणे गाडीत येऊन बसायच्या, आणि हा सगळा वेळ मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन खिडकीबाहेर बघत असे. घरी मोठा कलेक्टर आला असता तरी त्याला त्याच कपातून चहा मिळाला असता. पुरोहिताच्या घरची एक बाई आली होती, तिनं कौतुकानं विचारलं, "इतके जुने कप कुठून आणलेत हो?" बाईंनी प्रत्येक कपाचा पत्ता सांगितला. ती पुन्हा आली नाही.

आमचं फिरणं सुरू झालं ते नव्या जिल्ह्यामुळं. उस्मानाबादेतून वेगळं काढून लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगवल्या जात होत्या, आणि घाईत मारलेल्या रंगाखालून कित्येक ठिकाणी अजून उस्मानाबाद वाचता यायचं.

"सरकारनं नवा जिल्हा दिलाय," बाई म्हणाल्या, "बघून तर घेऊ. लुगडं घेताना आपण घडी उलगडतोच की."

तेव्हापासून सुट्टी आली की आम्ही निघायचो. कुठल्या गावाला कुठल्या वारी बाजार भरतो ते बाईंना तोंडपाठ होतं. कधी शिरूर अनंतपाळ, कधी हाळीचा जनावरांचा बाजार, कधी हद्द ओलांडून देगलूर. हद्द लागली की म्हणायच्या, "आलं तुझं नांदेड. आता मी पाहुणी. नीट वाग माझ्याशी." बाजारात त्या फारसं काही घेत नसत. मिरचीच्या ढिगापाशी उभ्या राहायच्या, एखादी तोडून वास घ्यायच्या, भजी खायच्या, घोंगड्यांवरून हात फिरवायच्या. देगलूरला एकाच वाक्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी ऐकू येई. "क्या अम्मा, नुस्तं देखतेच फिरते क्या, कुछ लेते बी नै!" असं एकदा एका बागवानानं बाईंना सुनावलं, तर त्या खूश होऊन गाडीत बसेपर्यंत हसत होत्या. त्यांना स्वतःला तेलुगू-कानडीतला एकेकच शब्द येत होता. तेलुगूतला नीळ्ळु आणि कानडीतला नीरु. दोन्हींचा अर्थ पाणी.

कारण बाईंचा नियम होता. गाडीत पाणी ठेवायचं नाही. मी एकदा वॉटरबॅग घेतली तर त्यांनी ती अंगणातल्या लिंबाच्या बुडात रिकामी केली. पाणी ज्या गावात तहान लागेल त्या गावात मागायचं. आणि मागायच्या आधी ओळख द्यायची. कुठल्याही दारासमोर गाडी थांबवायची, "मी अमुक. उदगीरला हेडमास्तरीण होते. आम्ही बौद्ध, पूर्वीचे महार. घोटभर पाणी मिळेल का?" एवढं एका दमात म्हणायचं आणि उभं राहायचं. कुणी पटकन आणून द्यायचं. कुणी तांब्या हातात न देता वरून ओंजळीत ओतायचं. कुणी आत जायचं ते बाहेरच यायचं नाही. एका दारात एका म्हातारीनं बाईंना घरात नेलं, पाटावर बसवलं, पाण्याबरोबर गूळ दिला आणि म्हणाली, "जात कामून सांगतीस गं बाई? म्या इचारली का?" त्या दिवशी परतीच्या वाटेवर बाईंनी एकाही दारासमोर गाडी थांबवली नाही. मला वाटलं रागावल्या. पण घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी शिरा केला. बाईंच्या हातचा शिरा ही एरवी पंचमी-दिवाळीची गोष्ट होती.

मला हे सगळं विचित्र वाटायचं आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. एवढी शिकलेली बाई, कितीतरी मुली हाताखालून गेलेल्या, आणि दारोदार परीक्षा देत फिरते. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"परीक्षा मी देत नाही," बाई म्हणाल्या, "घेते."

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी तर मृग आला आणि गेला, कुणाला कळलंही नाही. आमचे बाजार बदलले. भज्यांच्या कढया कमी झाल्या. हाळीला बरगड्या मोजून घ्याव्यात अशी जनावरं आली, आणि विकणारे घासाघीस करेनासे झाले. मिळेल ते घ्यायचे, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडायचे आणि ती खांद्यावर टाकून मागे न बघता चालू लागायचे. भांड्यांच्या ओळीत पितळी हंडे आणि तांब्याची घंगाळी दिसायला लागली. माहेरहून आलेली, नावं घातलेली. ती विकणाऱ्या बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसायच्या. एकीला बाईंनी विचारलं, "हंडा का विकायलीस गं?"

"त्येच्यात भरावं काय?" ती म्हणाली.

बाई गाडीत बसल्यावर बराच वेळ तेच मनाशी म्हणत राहिल्या. मी म्हटलं, "आता तरी पाणी मागणं सोडा. लोकांना स्वतःला नाही."

"घोटभर मागते. घोटानं कुणाची विहीर आटत नाही."

"पण कुणाला लाज वाटेल, बाई. घरात नसताना नाही म्हणायची."

त्यांनी ऐकलं नाही. आणि एका गावात नको ते झालं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. रस्त्याकडेचं घर, ओट्यावर एक मध्यमवयीन बाई डाळ निवडत बसलेली. बाईंनी ओळख दिली, पाणी मागितलं. ती बाई निवडता निवडता थांबली. आमच्याकडे, गाडीकडे, परत आमच्याकडे तिनं बघितलं.

"पानीच न्हाई बाई घरात," ती म्हणाली. "टँकर आलाच न्हाई."

आवाज सरळ होता. त्यात उर्मटपणा नव्हता, मायाही नव्हती. बाई तिथेच उभ्या राहिल्या. तिच्या मागे दार अर्धं लोटलेलं होतं आणि आतला अंधार दिसत होता. रांजण होता की नाही, भरलेला होता की कोरडा, काही दिसत नव्हतं. बाई गाडीत येऊन बसल्या आणि गाडी सुरूच करेनात.

"खरं बोलली का गं ती?" त्यांनी मला विचारलं.

"खरंच असेल. टँकर कुठे येतोय वेळेवर?"

"तू बघितलंस?"

"नाही."

"मीही नाही." त्या समोरच्या काचेतून बघत म्हणाल्या, "आता कसं कळायचं? आधी नाही म्हणणाऱ्याचं तोंड बघून कळायचं. आता सगळ्यांचं तोंड सारखंच झालंय."

बाईंना मी रडताना कधी पाहिलं नाही, तेव्हाही नाही. पण दुष्काळाचा राग मी माणसांच्या चेहऱ्यावर पुष्कळ पाहिला, तो असा कधी पाहिला नव्हता. त्यानंतर त्यांनी पाणी मागणं बंद केलं. गाडीत दोन कळशा ठेवायला लागल्या आणि वाटेत कुणी चालणारं दिसलं की थांबून विचारायला लागल्या, पाणी हवं का. घेणारे घेत. ओळख मात्र त्या आधी द्यायच्याच. आणि तरीही घेणारे घेत. "तहान लागलेल्याकडनं काही कळत नाही," त्या म्हणायच्या.

एका गावाला मात्र आम्ही कधी गेलो नव्हतो, ते म्हणजे त्यांचं स्वतःचं गाव. शिरूर अनंतपाळच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून आत. त्या फाट्यावरून आम्ही किती वेळा गेलो असू, पण तिथे आलं की बाई उगाच हॉर्न वाजवायच्या. गाव सोडताना त्या लहान मुलगी होत्या, निजामाचं राज्य होतं. गावच्या विहिरीवर त्यांच्या वस्तीनं जायचं नाही. विहिरीवर गावातलं कुणी आलं आणि त्याला दया आली तर त्यानं वरून घागरीत ओतायचं. ऊन असो, थंडी असो, घागर घेऊन बसायचं. शाळेत पहिला नंबर आला त्या दिवशी छोट्या बाई आनंदाच्या भरात धावत जाऊन विहिरीच्या काठावर चढल्या होत्या. वडिलांना त्याच्याबद्दल काय भोगावं लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी ते लिहिणार नाही. वडील बायकोमुलीला घेऊन उदगीरला आले, हमाली करून त्यांनी मुलीला शिकवलं. आणि मुलीनं ठरवलं की त्या विहिरीत आपल्या हातानं पोहरा सोडता येईल त्या दिवशीच गावात पाय ठेवायचा.

मागे राहिली ती थोरली बहीण, अक्का. लहानपणीच लग्न झालेली, लगेच विधवा झालेली, आईबापांच्या झोपडीची राखण करत गावातच राहिलेली. अक्का वर्षाकाठी एकदा उदगीरला यायच्या, दोन दिवस राहून जायच्या. बाई त्यांना कायम म्हणायच्या, इथेच राहा. अक्का म्हणायच्या, "तुझ्या घरात कपच कप हायेत, म्या कुठं बसू?" बाईंना जगात हरवणारं एकच माणूस होतं आणि ते निरक्षर होतं.

त्या उन्हाळ्यात गावाकडचा एक नातलग आला. अक्काची छाती भरलीय, खोकून खोकून जीव जायची वेळ आलीय, दवाखान्याला चल म्हटलं तर हलत नाही, असं त्यानं सांगितलं. आणि दुसरीही बातमी सांगितली. गावची विहीर पार आटली. सरकारनं घेतलेल्या दोन बोअरवेलांपैकी गावातली कोरडी गेली. बौद्ध वस्तीतल्या हापशाला तेवढं पाणी आहे. "आता समदं गाव आपल्या दारात पान्याला येऊन राह्यलंय," तो म्हणाला. "पाटलाच्या घरच्या बाया बी."

बाई खुर्चीतून उठल्या. "आपल्या दारात?"

"आपल्याच. अक्काच्या झोपडीम्होरंच हापसा हाय."

मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. अक्काला आणायचं होतं, डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, काळजी होतीच. पण हसूही आवरत नव्हतं. "पोहरा नाही सोडता आला," त्या म्हणाल्या, "विहीरच माझ्या दारात आली." नवी साडी काढली, ती खळ घालून मीच इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी दामटली. फाटा आला, हॉर्न न वाजवता त्या आत वळल्या.

पुढचं सांगायच्या आधी एवढं सांगून टाकते की अक्का आमच्याबरोबर आल्या नाहीत. पाऊस लागायच्या आत त्या गेल्या, त्याच झोपडीत. बाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. गाडी लिंबाखाली उभी राहिली, तिच्यात कोंबड्यांनी घर केलं. त्या अखेरपर्यंत शिकवण्या घ्यायच्या, माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासूला जात विचारून सगळ्यांची पळापळ केली, आणि हॉटेलात गेल्या की कप तेव्हाही पर्समध्ये टाकायच्या. फक्त त्या सकाळबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित मी हे लिहायला बसले नसते.

वस्तीच्या तोंडाशीच हापसा होता. सिमेंटचा ओटा, त्यावर लोखंडी पंप, आणि तिथून पार रस्त्यापर्यंत घागरींची ओळ. घागरींशेजारी बायका, डोक्यावर पदर घेतलेल्या, गावातल्या. बाई गाडीतून उतरल्या आणि ती ओळ बघत उभ्या राहिल्या.  एवढ्यासाठी त्यांनी सारी हयात वाट बघितली होती.

ओट्याच्या कडेला एका दगडावर अक्का बसल्या होत्या. नुसता सापळा उरला होता. पुढ्यात एक बादली, हातात तांब्या. वस्तीतली एक बाई आपली कळशी भरून बाजूला झाली, तशा अक्का उठल्या, तांब्या बुडवला आणि हापशाच्या दांड्यावर वरून खालपर्यंत बारीक धार धरली. मग बाजूला झाल्या. मग गावातली बाई पुढे आली, तिनं तो ओला दांडा धरला आणि हापसायला लागली. ज्या हाताचा विटाळ, त्याच हातानं पाणी ओतलं की तो जातो, हे शास्त्र मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

"अक्का," बाई म्हणाल्या. "हे काय करूलालीस?"

"आलीस व्हय धाकले?" अक्कांचा चेहरा उजळला. "गावात आलीस! बस, सावलीला बस."

"हे काय करूलालीस म्हणते मी."

"त्यास्नी चालत न्हाई गं आपला हात लागल्याला."

"मग धुवू दे की त्यांचं त्यांना! तू कशाला?"

अक्कांना खोकल्याची उबळ आली. ती संपल्यावर त्या समजुतीनं म्हणाल्या, जशी एखादी आई लहान मुलीला चुलीजवळ जाऊ नको म्हणून सांगते, "त्या धुवाया लागल्या की निम्मी घागर सांडत्यात. म्या तांब्यात भागवते. पानी दुपारच्याला तळाला जातंय धाकले. सांडलं तर आपल्याच पोरीस्नी कमी पडंल."

  बाई ओट्यावर चढल्या, हापसणाऱ्या बाईची घागर भरेपर्यंत थांबल्या आणि ती बाजूला होताच त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला.

"लावा घागर," त्या ओळीला म्हणाल्या. "मी हापसते. माझ्या हातचं न्या."

कुणी पुढे आलं नाही. बाईंनी दोनदा दांडा दाबला, पाणी ओट्यावर पडलं, दगडाच्या फटीत गेलं. ओळीतून कुणीतरी "अगं बाई, पानी!" म्हणून ओरडलं. बाईंनी हापसणं थांबवलं, पण दांडा सोडला नाही.

"तहान लागलीय ना? मग लावा."

ऊन चढत होतं. कडेवर पोर घेतलेली एक तरुण सून अर्धं पाऊल पुढे आली, मागे सासूकडे बघितलं आणि तिथेच थबकली. मग ओळीतलीच बाईंच्या वयाची एक म्हातारी म्हणाली, "तू धाकली नव्हं? शाळंत पयला नंबर काढल्याली?"

"हाव. तीच."

"सोड बाई. आमच्या हातात काय हाय? घरी गेल्यावर आमाला बी जाब द्यावा लागतो."

"मग द्या जाब. मी आयुष्यभर दिला."

आता वस्तीतल्या बायका जमल्या. मला वाटलं, त्या बाईंच्या बाजूनं उभ्या राहतील. त्यातली एक पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, तुमी जाताल उदगीरला गाडीत बसून. सांच्याला आमच्या पोरास्नी धरतील. हापसा बी मोडून टाकतील. तुमच्या पाया पडते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. पण दांडा सुटला नाही. मला वाटतं त्यांना तो सोडायचा होता आणि बोटं ऐकत नव्हती. मी खालून "बाई, चला" म्हणाले असेन. कुणी ऐकलं नाही.

अक्का दगडावरून उठल्या. ओट्याची एक पायरी चढायला त्यांना वेळ लागला. त्या बाईंच्या समोर आल्या, तांब्या खाली ठेवला आणि आपल्या धाकट्या बहिणीची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली. आधी उजव्या हाताची, मग डाव्या. सोडवताना काहीतरी पुटपुटत होत्या, लहान मुलाला झोपवताना म्हणतात तसलं. दोन्ही हात सुटले तेव्हा ते घडीभर आपल्या हातात धरले.

"चल माझ्याबरोबर," बाई अगदी हळू म्हणाल्या. "तू मरशील इथं."

"म्या आले तर हितं पानी कोन वाचवंल?" अक्का म्हणाल्या.

मग वाकून त्यांनी तांब्या उचलला, बादलीत बुडवला आणि दांड्यावर धार धरली. एरवी तांब्या अर्धा संपायचा. सगळं गाव बघत होतं म्हणून असेल, या वेळी अक्कांनी दांडा वरून खालपर्यंत दोनदा धुतला. बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. कडेवर पोर असलेली ती सून पुढे आली आणि तिनं घागर लावली.